जिना सोडा, पण डोंबिवलीचं घर एवढ्यात विकू नका

प्रश्न: मी 69 वर्षांची, हे 75 चे. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आम्ही 34 वर्षं राहतोय. माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतोय. ह्यांना दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्स असल्याचं कळलं. अजून स्वतःचं स्वतः करतात, पण जिना उतरताना मला धास्ती वाटते. मुलगा न्यू जर्सीला असतो. मुलगी ठाण्यात घोडबंदर रोडला, तिच्याकडे तिचे सासू-सासरे आहेत. मुलाने तळेगावजवळ खास ज्येष्ठांसाठीचा एक गृहप्रकल्प शोधलाय. वन बीएचके 72 लाख, शिवाय दोघांचं जेवण, साफसफाई, नर्स वगैरे धरून महिना 31 हजार, कर वेगळा. इथली जागा ह्यांच्या नावावर आहे, 58 लाखांपर्यंत जाईल म्हणतात. रेल्वेची पेन्शन 46 हजार, साठवलेले 40 लाख. सोसायटीत पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. महिनाअखेरीपर्यंत बुकिंग केलं तर क्लबचे दोन लाख माफ, म्हणून मुलगा घाई करतोय. ह्यांचं म्हणणं, कट्टा सुटेल आणि मासे मिळणार नाहीत (आम्ही मालवणकडचे). खरं सांगायचं तर मला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नमस्कार ताई,

आधी मत सांगतो, मग कारणं. तिसरा मजला सोडायचाच, आणि तोही येत्या तीन-चार महिन्यांत. पण तळेगावचं घर आत्ता विकत घेऊ नका आणि डोंबिवलीचं विकू नका. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, एक जिन्याचा आणि दुसरा पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा. जिन्याचा प्रश्न लिफ्टच्या इमारतीत भाड्याने जाऊन सुटतो. त्यासाठी 72 लाख घालायची गरज नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तळेगावचा तो प्रकल्प आहे की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकावरून कळणार नाही.

स्वयंपाकाच्या कंटाळ्याचं तुम्ही अगदी शेवटी, जरा संकोचूनच लिहिलंय. आम्ही मात्र ते सगळ्यात गंभीरपणे घेतो. अशा प्रकल्पांचा सर्वांत मोठा फायदा बागेत किंवा योगाच्या हॉलमध्ये नसतो. रोज दोन्ही वेळा काय करायचं हा प्रश्न डोक्यातून जातो, नळ गळला तर प्लंबरच्या मागे लागावं लागत नाही, आणि सकाळी नाश्त्याला आला नाहीत तर कुणीतरी दार वाजवायला येतं. घरात एक आजारी आणि दुसरा त्याचं करणारा असला की करणाराच आधी थकतो. पार्किन्सन्समध्ये तर हे वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे तुम्हाला मदत हवी आहे, यात शंका नाही. ती कुठून घ्यायची, कोणत्या भावात, आणि गरज वाढेल तेव्हा ती टिकेल का, एवढंच ठरवायचंय.

त्यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक ज्येष्ठ गृहप्रकल्प स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असतात. तुम्ही आज बघायला जाल तेव्हा कॅरम खेळणारी, फेऱ्या मारणारी मंडळी दिसतील. करार मात्र तुम्ही त्या दिवसासाठी करताय, ज्या दिवशी काकांना अंथरुणातून उठवायला दोन माणसं लागतील, किंवा तुम्ही एकट्याच उरलेल्या असाल. म्हणून सेवा-करार मागवा (विक्री-करार वेगळा असतो आणि दाखवताना बहुधा तोच पुढे करतात) आणि त्यात ‘रहिवासी स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ झाल्यास’ अशा अर्थाचं कलम शोधा. तिथे तीनपैकी एक गोष्ट सापडेल. एक, कुटुंबीयांनी रहिवाशाला अन्यत्र हलवावं. दोन, रहिवाशाने स्वखर्चाने खासगी मदतनीस ठेवावा. तीन, त्याच आवारात सहाय्यक निवासाची (परावलंबी झालेल्यांना सांभाळणारी) वेगळी सोय आहे आणि तिचं शुल्क अमुक. पहिलं कलम असेल तर विषय तिथेच संपवा. दुसरं असेल तर 24 तासांच्या मदतनिसाचे महिना 25 ते 40 हजार तुमच्या हिशोबात आजच घाला, आणि तो मदतनीस कुठे झोपणार, कुठे जेवणार आणि त्याचे पैसे कोण भरणार, तेही विचारा. वन बीएचकेमध्ये हा प्रश्न फार लवकर येतो. तिसरं असेल तर त्या विभागात खाटा किती आणि आज रिकाम्या किती, हे विचारा. ‘लवकरच सुरू होतोय’ या उत्तराला ‘नाही’ समजा.

विसरण्याचं किंवा भास होण्याचंही विचारा. पार्किन्सन्सच्या पुढच्या टप्प्यात काही रुग्णांना तो त्रास होतो, आणि रात्री बाहेर भटकणाऱ्या रहिवाशाला ठेवून घ्यायला बऱ्याच संस्था तयार नसतात.

आता इमारत. महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) मे 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष जाहीर केले आणि ते विक्री-करारात असलेच पाहिजेत असं सांगितलं. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, तिला आवाजाची आणि दिव्याची खूण हवी, एका तरी लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावला पाहिजे. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद, जिना किमान 1500 मिलिमीटर, त्याला दोन्ही बाजूंना कठडे, सलग 12 पेक्षा जास्त पायऱ्या नकोत. मोजपट्टी घेऊन जा आणि नमुन्याच्या सजवलेल्या फ्लॅटमध्ये मोजू नका, तुम्हाला देणार त्याच फ्लॅटमध्ये मोजा.

पार्किन्सन्ससाठी याहून थोडं जास्त बघावं लागतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखं होणं हा त्रास अरुंद दारात, वळणावर आणि उंबरठ्यापाशी वाढतो. त्यामुळे पलंगापासून संडासापर्यंतची वाट सरळ आणि मोकळी हवी. उंबरठा नको, अर्ध्या इंचाचाही नको. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं दार असेल आणि माणूस दारामागेच पडला, तर ते उघडताच येत नाही. फरशीवर पाणी ओतून पाय घासून बघा. ‘अँटी-स्किड’ म्हणून लावलेली फरशी साबणाच्या पाण्यात अनेकदा घसरतेच. मदतीची दोरी जमिनीपर्यंत लोंबती हवी. कमोडशेजारी कंबरेच्या उंचीवर बटण लावलेलं असेल तर पडलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

जेवणाच्या वेळेचाही संबंध आहे. लेव्होडोपा (पार्किन्सन्सवरचं मुख्य औषध) असलेल्या गोळ्या प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतल्या तर नीट लागू पडत नाहीत. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात ते त्यासाठीच. रोग जुना झाला की गोळ्यांची संख्या वाढते आणि पंधरा-वीस मिनिटांचा उशीरही चालण्यात दिसतो. भोजनगृह ठरल्या वेळी उघडत असेल तर चांगलंच, गोळ्यांचं वेळापत्रक त्याला बांधता येतं. पण रांगेत अर्धा तास जात असेल, किंवा सणाच्या कार्यक्रमामुळे जेवण तासभर पुढे जात असेल, तर काकांचे हाल होतील. डबा घरी पोचवतात का, त्याचे वेगळे पैसे घेतात का, पुढे गिळायला त्रास होऊ लागला तर मऊ करून देतात का, हे स्वयंपाकघराच्या प्रमुखालाच विचारा. विक्री विभागाचा माणूस सगळ्याला हो म्हणेल.

आणि मासे! काकांचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. ज्येष्ठांच्या अनेक प्रकल्पांत भोजनगृह शाकाहारी असतं, आणि काही ठिकाणी स्वतःच्या घरातसुद्धा सामिष शिजवायला नियमाने किंवा शेजाऱ्यांच्या नाराजीने बंदी असते. ‘आमची काही हरकत नाही’ हे तोंडी ऐकून येऊ नका. नियमावली मागा, आणि शक्य असेल तर तिथल्या एखाद्या कोकणी किंवा बंगाली रहिवाशाला गाठून विचारा. 75 वर्षं बांगडा-सुरमई खाल्लेल्या माणसाची भूक म्हातारपणी तशीही मंदावते. त्यात ताट आवडेनासं झालं की वजन उतरतं, आणि पार्किन्सन्समध्ये ते परवडत नाही. कट्ट्याचंही तेच. नव्या जागी ओळखी होतात, पण ज्याचा आवाज बारीक होत चाललाय आणि चेहऱ्यावरचे भाव कमी झालेत, त्याला त्या जुळवायला दुप्पट वेळ लागतो. जुन्या मित्रांना तो कसा होता ते ठाऊक असतं.

अंतराचं काय? तुमच्या मुलाने तळेगाव निवडलं ते एक्सप्रेसवे आणि हवा बघून, असं दिसतं. पण तुमचं या देशातलं जवळचं माणूस घोडबंदरला आहे. तिथून तळेगाव सुमारे शंभर किलोमीटर, मध्ये घाट. शनिवारी सकाळी सगळी मुंबई त्याच रस्त्याने लोणावळ्याला निघालेली असते. कारने न जाता कल्याणहून निघालात तर लोणावळ्यापर्यंत एक्सप्रेस आणि पुढे पुण्याची लोकल. आज तुमची मुलगी ऑफिस सुटल्यावर डोंबिवलीला येऊन रात्री परत जाऊ शकते. तळेगावला ती महिन्यातून एकदा येईल, आणि घरी आजारी सासू-सासरे असतील तेव्हा तेही नाही. तिच्यावर भार नको असं तुम्हाला वाटत असेल, तर ते समजतं. पण तिच्या घरात राहणं आणि तिच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर राहणं, यात खूप फरक आहे.

इस्पितळाचं बघताना ‘जवळच आहे’ यावर थांबू नका. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, हे जमेचं. विचारायचं ते हे, की रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतो का आणि मेंदूविकारतज्ज्ञ किती वेळात येतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी स्कॅन लागतो. प्रकल्पाची रुग्णवाहिका असेल तर तिच्यात ऑक्सिजन आहे का आणि रात्री चालक आवारातच असतो का, ते बघा. ‘24 तास नर्स’ म्हणजे रात्रपाळीला खरोखर नर्सिंग शिकलेली व्यक्ती आहे, की एक मावशी आणि फोन नंबरांची यादी? काका रेल्वेचे असल्याने तुमच्याकडे निवृत्तांचं वैद्यकीय कार्ड असेलच. आज कल्याणचं रेल्वे रुग्णालय हाताशी आहे. तळेगावला गेलात तर पुणे स्टेशनजवळचं गाठावं लागेल, आणि ते तिथून तीस-पस्तीस किलोमीटर दूर आहे. औषधांसाठी दर महिन्याची ती खेप मोजा.

आता पैसे. 72 लाख ही नुसती किंमत झाली. मुद्रांक शुल्क सात टक्के धरलं तर पाच लाख, नोंदणीचे 30 हजार, म्हणजे सव्वासत्याहत्तर. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) अजून मिळालेलं नसेल तर 5 टक्के जीएसटी, आणखी तीन लाख साठ हजार. म्हणजे डोंबिवलीचे 58 आले तरी तुमच्या 40 लाखांतले 19 ते 23 लाख तिथेच जातात. दलाली, सामानाची वाहतूक, पडदे-पंखे धरले की हातात 16 ते 20 लाख उरतील.

महिन्याचे 31 हजार प्रत्यक्षात साडेछत्तीसच्या आसपास जातील, कारण सेवा देणारी कंपनी असेल तर सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. सोसायटीच्या देखभालीला साडेसात हजारांपर्यंत जी सूट असते, ती कंपनीच्या बिलाला मिळत नाही. वीज, औषधं, फोन, येणं-जाणं यांचे 12 हजार घाला. झाले साडेअठ्ठेचाळीस. पेन्शन 46, आणि उरलेले 20 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर 8.2 टक्क्यांनी महिन्याला साडेतेरा हजार. म्हणजे आजचं भागतं, थोडं उरतंही. अडचण पुढे आहे. शुल्क वर्षाला 8 टक्क्यांनी वाढलं तर नऊ वर्षांत दुप्पट होतं. महागाई भत्ता वाढतो, पण तो मजुरीच्या वाढीइतका वेगाने वाढत नाही, आणि या शुल्कात मजुरीचाच भाग मोठा असतो. त्यात मदतनीस आला की पहिल्याच वर्षी तोल जातो. आणखी एक गोष्ट बोलायला नकोशी, पण मोजायला हवी. काकांच्या माघारी तुम्हाला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्क्यांवर असतं आणि पेन्शन 50 टक्क्यांवर, म्हणजे आजच्या 46 हजारांचे साडेसत्तावीस होतात. एकट्याचं सेवाशुल्क मात्र निम्मं होत नाही. जेवणाचा भाग तेवढा कमी होतो. दोघांचं आणि एकाचं, असे दोन्ही दर लेखी घ्या.

तुलनेसाठी दुसरी बाजू मांडतो. डोंबिवलीतच किंवा ठाण्याच्या दिशेला लिफ्ट असलेल्या इमारतीत वन बीएचके भाड्याने घेतलं तर 16 ते 20 हजार धरा. तुमची तिसऱ्या मजल्यावरची जागा भाड्याने दिली तर 10 ते 12 हजार परत येतात. पोळी-भाजीला बाई, वरकामाला बाई, आणि दिवसातून चार-सहा तास काकांसाठी एक मदतनीस, मिळून 18 ते 22 हजार. घरखर्च त्यावर वेगळा, पण 40 लाख शाबूत राहतात. त्यातले 30 बचत योजनेत ठेवले तर तीन महिन्यांना साडेएकसष्ट हजार येतात. कमतरता एकच, आणि ती मोठी आहे. बाई आली नाही की सगळं तुमच्यावर. तिच्या सुट्टीच्या दिवसासाठी डबेवालीचा नंबर आणि मदतनिसासाठी दुसरी एजन्सी आधीच ठरवून ठेवा. घर निवडताना लिफ्टला जनरेटर आहे का आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, हे आधी बघा. चार पायऱ्या चढून मग लिफ्ट येणाऱ्या इमारती आपल्याकडे ढिगाने आहेत.

पुनर्विकासाचं प्रकरण तुम्ही एका ओळीत उरकलंय, पण त्यावरच घर विकण्याची वेळ ठरते. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार विकासक निवडायच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणसंख्या लागते आणि एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती. तुमची सोसायटी त्या टप्प्याला आली असेल तर आत्ता विकणं म्हणजे नव्या, मोठ्या, लिफ्टच्या घराची किंमत दुसऱ्याच्या खिशात घालणं. विकासकाशी करार झाला की पर्यायी घराचं भाडंही तो देतो, आणि तेच भाडं एखाद्या ज्येष्ठ निवासात महिन्याच्या बोलीवर राहायला वापरता येतं. मीटिंगा मात्र आठ वर्षं चालूनही काही न होणाऱ्या सोसायट्या आहेत. सचिवांना गाठून नेमकं कुठपर्यंत आलंय ते विचारा. वास्तुविशारदाचा व्यवहार्यता अहवालही झाला नसेल, तर पुनर्विकास गृहीत धरू नका.

थांबण्याचीही किंमत असते, ते लपवत नाही. बहुतेक प्रकल्प प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तपासणी करतात आणि आधीच परावलंबी झालेल्याला घेत नाहीत. पाच वर्षांनी काकांसाठी स्वावलंबी गटाचं दार बंद झालेलं असेल आणि फक्त सहाय्यक निवासाचं उघडं राहील. म्हणून आम्ही थांबा म्हणतो ते मोकाट नाही. काही खुणा आजच ठरवून मुलीला सांगून ठेवा. सहा महिन्यांत दोनदा पडणं, रात्रीत दोनपेक्षा जास्त वेळा तुम्हाला उठावं लागणं, घास लागून ठसका येऊ लागणं, किंवा तुमचा दुसरा गुडघा ऑपरेशनला येणं. यातलं काहीही झालं की पुन्हा बसायचं. दरम्यान ठाणे, बदलापूर, कर्जत या पट्ट्यातल्या सहाय्यक निवासांची माहिती मुलीने काढून ठेवावी, कारण पुढे भेटायला तीच येणार आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णांचे आधारगट मुंबईत आणि पुण्यात आहेत. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ त्यांतलंच. कोणती संस्था रुग्णाला शेवटपर्यंत सांभाळते आणि कोणती हात वर करते, हे तिथल्या नातेवाइकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

तळेगावचा विचार अजिबात सोडा, असंही नाही. महिनाभर राहून बघा. बऱ्याच प्रकल्पांत भाड्याने किंवा पाहुण्यांसाठी खोल्या असतात. जुलैत जा. उन्हाळ्यात सुंदर दिसणाऱ्या जागेचं खरं रूप पावसाळ्यात कळतं. वीज किती वेळा जाते, लिफ्ट बंद पडते का, ओल्या वाटेवरून भोजनगृहात कसं जायचं, संध्याकाळी पाचनंतर करायचं काय. एकदा मध्यरात्री मदतीची घंटा ओढा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत माणूस आला तर ठीक. पंधरा मिनिटांनी फोन आला तर त्या घंटेचे पैसे देण्यात अर्थ नाही. विक्रीवाल्यांशिवाय चार रहिवाशांशी बोला, त्यातली एक तरी एकटी राहणारी बाई असू द्या. त्यांना विचारा, गेल्या तीन वर्षांत शुल्क किती वाढलं, आणि इथे कुणी गेलं तेव्हा रात्री मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर आला का, मुलं परदेशातून येईपर्यंत काय सोय झाली. प्रश्न कठोर आहे, पण तिथल्या लोकांनी तो बघितलेला असतो आणि ते मोकळेपणी सांगतात.

राहून आवडलं आणि घ्यायचंच ठरलं, तर कागद वकिलाला दाखवा. भोजनगृह, दवाखाना, क्लब यांची मालकी कुणाची हे त्याला आधी शोधायला सांगा. त्या जागा विकासकाने स्वतःकडे ठेवल्या असतील तर सेवा बिघडल्यावर रहिवाशांना दुसरी कंपनी नेमता येत नाही, आणि मग तुमच्या हातात उरतो तो गावाबाहेरचा एक साधा फ्लॅट. सेवा-करार किती वर्षांचा, शुल्कवाढीला कमाल मर्यादा आहे का, फ्लॅट निम्मे रिकामे असले तर त्यांचा बोजा कुणावर, तुम्ही तीन महिने न्यू जर्सीला गेलात तर जेवणाचे पैसे वजा होतात का, हेही लेखी हवं. तुमच्यानंतर फ्लॅट मुलांना मिळेल, पण वयाच्या अटीमुळे त्यांना तिथे राहता येणार नाही. विकायचा तर पंचावन्न-साठच्या पुढचाच ग्राहक शोधावा लागेल, आणि तो मिळेपर्यंत देखभालीचं बिल येत राहील. हस्तांतर शुल्क किती टक्के आहे ते बघा. काही प्रकल्प विक्रीऐवजी मोठी परतावा-ठेव घेऊन राहायला देतात. त्यात मुद्रांक शुल्काचा मोठा खर्च वाचतो, पण ती ठेव विनातारण असते. कंपनी बुडाली तर तुम्ही रांगेत मागे उभ्या. शिवाय ठेव म्हणजे घरखरेदी नव्हे, त्यामुळे जुनं घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर करसवलत मिळत नाही.

नावाबद्दल एक इशारा. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, म्हणजे तुमचे 72 हजार वाचतील, आणि तसं करा असं कुणीतरी सुचवेलच. पण डोंबिवलीची जागा काकांच्या नावावर आहे. तिच्या नफ्यावरची सवलत हवी असेल तर नवीन घरात त्यांचं नाव असणं सुरक्षित. 72 हजार वाचवताना काही लाखांचा कर अंगावर यायला नको. दोघांची नावं घाला, आणि विक्रीच्या आधी सीएला भेटा. मुलगा पैसे घालणार असेल तर ते बक्षीस म्हणून लेखी घ्या. घर त्याच्या नावावर नको.

राहिली महिनाअखेरीची सवलत. ती पुढच्या महिन्यातही असते, नाव तेवढं बदलतं. मुलाला सांगा की आई-बाबा जुलैत महिनाभर तिथे राहणार आहेत, त्याचा खर्च त्याने करावा. तेवढ्यानेही त्याची काळजी बरीच हलकी होईल. तरीही त्याने टोकन भरलंच, तर नोंदणीकृत कराराआधी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे जास्तीत जास्त सात लाख वीस हजार. बुकिंग अर्जावर सही करण्याआधी त्यातलं रद्द केल्यास किती कापणार हे कलम वाचा, आणि प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाकून तिथली पूर्णतेची तारीख आणि तक्रारी बघून घ्या.